लहान मत्स्यटाकीत पुन्हा मासे सोडताना : जुन्या फिल्टरची क्षमता ओळखणे व टिकविणे

टाकी तीच, फिल्टर तोच, पाणी देण्याची पद्धतही तीच. तरी दुसऱ्या खेपेस सोडलेले मासे आठ-दहा दिवसांत मरू लागतात, ही तक्रार शोभिवंत मत्स्यपालन करणाऱ्यांकडून विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी वरचेवर येते. नव्या टाकीबाबत सर्वत्र सावधगिरी शिकविली जाते. जुनी टाकी मात्र 'तयारच आहे' असे गृहीत धरून एकाच दिवशी भरली जाते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत 2020 पासून परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकांना अर्थसाहाय्य मिळू लागल्यामुळे हा प्रश्न केवळ दिवाणखान्यातील हौसेचा राहिलेला नाही. एक तुकडी विकली गेली की टाकी काही दिवस रिकामी राहते आणि नंतर पिल्लांची नवी तुकडी येते. त्या वेळी फिल्टर कितपत जिवंत आहे, यावर त्या तुकडीचे भवितव्य ठरते.

प्रस्तुत लेखात रायपूर व आसपासच्या चुनखडीच्या मैदानी प्रदेशातील पाणी व हवामान डोळ्यांपुढे ठेवून दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा सर्वत्र आढळणाऱ्या काचटाकीचे उदाहरण घेतले आहे. या टाकीचे एकूण आकारमान सुमारे 54 लिटर असते; तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी सुमारे 45 लिटर भरते. पुढील सर्व हिशेब या 45 लिटरचा आहे. मोठ्या टाकीसाठी तो त्याच प्रमाणात वाढवावा.

फिल्टरमध्ये नेमके काय वसते

शेतकऱ्यांना ही प्रक्रिया नवी नाही. शेतात युरिया टाकल्यावर त्याचे अमोनियात व पुढे जिवाणूंच्या साहाय्याने नायट्राइट व नायट्रेटमध्ये रूपांतर होते. 1890 च्या सुमारास झुरिक येथे सर्गेई विनोग्राडस्की यांनी मातीतील जे नत्रीकरण करणारे जिवाणू वेगळे केले, त्यांचेच भाईबंद फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या तुकड्यांवर आणि तळाच्या वाळूवर चिकट थर करून राहतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ही दोन्ही कामे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पिरा गटातील जिवाणू 2015 मध्ये प्रकाशात आला. तो ज्या ठिकाणी सापडला, त्यांत नेदरलँड्समधील मत्स्यपालनाची एक जैविक गाळणीही होती.

या जिवाणूंचे दोन गुण लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, त्यांची वाढ अत्यंत मंद असते. सामान्य जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना अनुकूल परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस, आणि प्रत्यक्ष टाकीत त्याहून अधिक काळ लागतो; म्हणूनच नवा फिल्टर तयार होण्यास चार ते सहा आठवडे जातात. दुसरा, त्यांची संख्या व कार्यशक्ती उपलब्ध अमोनियाच्या प्रमाणातच टिकते. वीस माशांच्या टाकीतील फिल्टर वीस माशांपुरता सक्षम असतो. त्याच टाकीत महिनाभर तीनच मासे उरले असतील, तर तो फिल्टर वर्षानुवर्षांचा असला तरी आता तीन माशांपुरताच आहे. जुना फिल्टर आणि सक्षम फिल्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या खेपेचे बहुतेक अपयश येथेच उगम पावते.

प्राणवायूचा मुद्दाही धानशेतीच्या परिचयातूनच समजून घेता येईल. पाणी साचलेल्या बांधीत चिखलातील प्राणवायू संपतो, नत्रीकरण थांबते व नत्र अमोनियाच्या रूपातच राहते. वीज गेल्यावर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत हीच स्थिती निर्माण होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राच्या पूर्ण रूपांतरास सुमारे 4.6 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. त्यामुळे वीज दीर्घकाळ जाणार असल्यास डब्यातील स्पंज व सिरॅमिक काढून टाकीच्याच पाण्यात, पसरट भांड्यात उघडे ठेवावे. वीज परत आल्यावर डब्यात साचलेले कुजके पाणी टाकीत जाऊ न देता आधी बाहेर ओतून द्यावे. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असतो, म्हणून तो अशा प्रसंगी अधिक तग धरतो. ग्रामीण घटकासाठी महागड्या डब्याच्या फिल्टरपेक्षा तोच अधिक योग्य, असे आमचे मत आहे.

आधी मृत्यूचे कारण, मग नवे मासे

टाकी विक्रीमुळे रिकामी झाली असेल तर गोष्ट सोपी आहे. मासे मेल्यामुळे रिकामी झाली असेल, तर कारण ठरविल्याशिवाय नवे मासे आणू नयेत.

अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसत असल्यास तो इक्थिओफ्थिरियस या परजीवीचा प्रादुर्भाव होय. या परजीवीची पाण्यात पोहणारी अवस्था मासा न मिळाल्यास फार काळ जगत नाही. टाकीचे पाणी 28 ते 30 अंश सेल्सिअसला राखून टाकी दोन आठवडे पूर्णतः मासेविरहित ठेवली, की कोणतेही औषध न वापरता तिचा नायनाट होतो. या काळात फिल्टर उपाशी राहू नये, यासाठी पुढे सांगितल्याप्रमाणे त्यास बाहेरून अमोनिया देता येतो. एकाच पंधरवड्यात परजीवी मरतो आणि फिल्टर जगतो.

मासे हळूहळू खंगत गेले, पाठीचा कणा वाकला, अंगावर न भरणाऱ्या जखमा झाल्या आणि एकेक करून मरत राहिले, तर माशांच्या क्षयरोगाचा संशय घ्यावा. अशा टाकीचा प्रस्थापित फिल्टर ही ठेव नसून धोका आहे. स्पंज व वाळू टाकून द्यावी, काच व नळ्या निर्जंतुक करून उन्हात कडक वाळवाव्यात आणि नव्याने आरंभ करावा. या रोगाचा मायकोबॅक्टेरियम हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरू शकतो, म्हणून हे काम रबरी हातमोजे घालूनच करावे. फिल्टर वाचविण्याचा मोह येथे महाग पडतो.

औषधोपचार झालेल्या टाकीत आणखी एक शक्यता असते. प्रतिजैविके, फॉर्मेलिन, मिथिलिन ब्लू किंवा पोटॅशियम परमँगनेट थेट मुख्य टाकीत घातले असल्यास फिल्टर दुबळा झाला आहे, असेच धरून चालावे. जीव न मारताही फिल्टर मारणारे सर्वांत सामान्य कारण मात्र स्वच्छतेचा उत्साह हे आहे. मासे नाहीत, टाकी मोकळी आहे, म्हणून स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला जातो आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिन उरलेले काम पूर्ण करते. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीन वेळा दाबून घ्यावा. लहान टाकीत जिवाणूंचा बराचसा वाटा वाळूवर असतो. म्हणून वाळू व स्पंज एकाच आठवड्यात धुऊ नयेत.

नवसागराची कसोटी

फिल्टर किती काम करतो हे अंदाजाने न ठरविता मोजून पाहता येते. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, उपयोगी पडतो. रायपूरच्या बाजारात तो नौसादर या नावाने मिळतो. परंतु कल्हईसाठी विकला जाणारा नवसागर अशुद्ध असतो. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना माल पुरविणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्यावा.

3.82 ग्रॅम नवसागर एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावा. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असते. टाकीत मासे नाहीत याची खात्री करून 45 मिलिलिटर द्रावण टाकीत घालावे. त्यामुळे पाण्यातील प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम होईल. फिल्टर चालू ठेवून बरोबर 24 तासांनी अमोनिया व नायट्राइट या दोहोंची तपासणी परीक्षण संचाने करावी.

दोन्ही शून्याजवळ आल्यास फिल्टर दिवसाला किमान 45 मिलिग्रॅम नत्र हाताळतो, असे सिद्ध होते. अमोनिया गेला पण नायट्राइट शिल्लक असेल, तर दुसरा जिवाणूगट मागे पडला आहे. उपासमारीनंतर तो उशिरा सावरतो, म्हणून तीन-चार दिवस थांबून कसोटी पुन्हा घ्यावी. अर्ध्याहून अधिक अमोनिया तसाच राहिल्यास तो फिल्टर नवाच समजावा आणि खात्रीच्या निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा किंवा त्याचा पिळलेला गाळ आणून विरजणासारखा वापरावा.

आता या आकड्यावरून माशांची संख्या काढू. मत्स्यखाद्यात 35 टक्के प्रथिने असल्यास एक ग्रॅम खाद्यापासून सुमारे 32 मिलिग्रॅम अमोनिया-नत्र तयार होते. म्हणजे 45 मिलिग्रॅम हाताळणारा फिल्टर दिवसाला जास्तीत जास्त 1.4 ग्रॅम खाद्य पेलू शकेल. प्रत्यक्षात एवढ्या काठावर जाऊ नये. निम्मे, म्हणजे 0.7 ग्रॅम धरावे. मासे शरीरवजनाच्या दोन टक्के खाद्य घेतात असे मानले, तर या टाकीत एकूण 35 ग्रॅम वजनाचे मासे ठेवता येतील. दोन ग्रॅमच्या मोली किंवा प्लॅटी असल्यास सतरा-अठरा. आठ-दहा ग्रॅमचे गोल्डफिश असल्यास तीन-चार, आणि तेही तात्पुरते, कारण गोल्डफिश वाढतच राहतो व दोन फुटी टाकी त्यास लवकरच अपुरी पडते. लहान पिल्ले वजनाच्या दोन टक्क्यांहून बरेच अधिक खातात, म्हणून पिल्लांच्या टाकीचा हिशेब वजनावरून न करता खाद्याच्या ग्रॅमवरून करावा. 'एक इंच मासा, एक गॅलन पाणी' हा दुकानांत ऐकू येणारा नियम फिल्टरची दखलच घेत नाही, त्यामुळे येथे तो निरुपयोगी आहे.

टाकी रिकामी राहण्याचा काळ आठवड्याहून अधिक असेल, तर याच द्रावणाची 20 ते 25 मिलिलिटर मात्रा रोज द्यावी. ही मात्रा 0.7 ग्रॅम खाद्याइतकीच नत्र देते, म्हणजे फिल्टर भावी माशांच्या तालमीत राहतो. काहीजण यासाठी टाकीत खाद्य कुजू देतात. त्याने बुरशी वाढते, मात्रा समजत नाही आणि पाणी घाण होते.

चुनखडीचे पाणी आणि आरओचे पाणी

रायपूर शहराला खारुन नदीचे शुद्ध केलेले, क्लोरिनयुक्त पाणी मिळते, तर अनेक वसाहती व खेडी बोअरवर अवलंबून आहेत. हा सारा प्रदेश चुनखडीच्या थरांवर वसलेला आहे. बोअरचे पाणी किती जड आहे, हे पाहण्यास प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. मे महिन्यात कूलरच्या जाळीवर जमणारा पांढरा थर ते सांगतो. या पाण्याचा गुण आणि दोष एकाच कारणातून येतात.

गुण असा की, नत्रीकरणात आम्ल तयार होते आणि पाण्यातील क्षारता ते शमविते. एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे 7.1 मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. आपल्या 0.7 ग्रॅम खाद्याच्या टाकीत हा खर्च दिवसाला लिटरमागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम पडतो. मूळ पाण्यात 250 मिलिग्रॅम क्षारता असेल, तर ती 50 पर्यंत उतरण्यास सुमारे आठ आठवडे लागतील. त्याआधी पाणी अनेकदा बदलले जाते, त्यामुळे अडचण येत नाही. मात्र अलीकडे घरोघरी आरओ यंत्रे आल्याने 'माशांनाही शुद्ध पाणी' म्हणून टाकी आरओच्या पाण्याने भरण्याची पद्धत पडत आहे. त्या पाण्यात 20 मिलिग्रॅम क्षारता असेल, तर ती आठवडाही पुरत नाही. सामू घसरतो, फिल्टर मंदावतो, आणि अमोनिया साठू लागतो. आम्ल पाण्यात तो अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असल्याने मासे काही काळ बरे दिसतात. मग कोणी एके दिवशी अर्धे पाणी बदलून बोअरचे पाणी घालतो, सामू एकदम चढतो, साठलेला अमोनियम विषारी अमोनियात बदलतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. दोष 'नव्या पाण्याला' दिला जातो.

चुनखडीच्या पाण्याचा दोषही याच ठिकाणी आहे. अशा पाण्याचा सामू आठच्या आसपास असतो. सामू 7 व तापमान 25 अंश असताना एकूण अमोनियाचा अवघा 0.6 टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू 8 व तापमान 30 अंश झाले की तोच भाग साडेसात टक्क्यांवर जातो, म्हणजे बारा पटींहून अधिक. मृदू पाण्याच्या प्रदेशात निभावून जाणारी चूक रायपूरच्या मे महिन्यात निभावत नाही.

यावरून व्यवहार असा ठरतो. पाणी बदलण्यासाठी मुरविलेले नळाचे किंवा बोअरचे पाणीच वापरावे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याने करावी, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात व प्रत्येक भरीबरोबर जडपणा वाढत जातो. नळाचे पाणी हवेचा पंप लावून 24 तास ठेवल्यास साधे क्लोरिन उडून जाते. घाई असल्यास 10 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावे. या द्रावणाचा एक मिलिलिटर, लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरिन असलेल्या सुमारे 14 लिटर पाण्याला पुरतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाल्यावर नळाच्या पाण्याचा वास उग्र वाटल्यास मात्रा दुप्पट करावी.

मासे आणणे व सोडणे

नवतपाच्या दिवसांत टाकी भरण्याचा बेत करू नये. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम सात. आणि नेमक्या त्याच वेळी मासे व जिवाणू दोघांचीही मागणी वाढलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हा काळ रायपूरला सर्वांत सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत सोडायचेच असल्यास हीटर हवा.

नव्या माशांसाठी वेगळा टब ठेवावा. कसोटीला उतरलेल्या मुख्य फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा कापून टबाच्या फिल्टरमध्ये बसविला, की टबालाही पहिल्या दिवसापासून प्रस्थापित फिल्टर मिळतो. दोन ते तीन आठवडे मासे टबातच ठेवावेत. या काळात मुख्य टाकीस नवसागराची रोजची मात्रा चालू ठेवावी. मासे मुख्य टाकीत नेण्याच्या आदल्या दिवशी ती बंद करून अमोनिया शून्य असल्याची खात्री करावी. टबातील स्पंज मुख्य टाकीत कधीही परत आणू नये.

पिशवीतून मासे सोडण्याच्या रूढ पद्धतीबाबत थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. टाकीचे पाणी पिशवीत थेंबथेंब, तास-दीड तास घालत राहावे, असे सर्वत्र सांगितले जाते. कोलकात्याहून हावडा-मुंबई मार्गाने रेल्वेत रात्र काढून आलेल्या पिशवीस हा सल्ला घातक ठरतो. बंद पिशवीत माशांच्या श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो. अमोनियाही साठलेला असतो. पण सामू कमी असल्याने तो बाधत नाही. पिशवी उघडताच वायू उडून जातो, सामू चढतो, त्यात आपण सामू आठचे पाणी घालतो, आणि मासा स्वतःच्याच विषात तासभर बसतो. लांबून आलेली पिशवी बंद स्थितीतच 15 ते 20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, नंतर उघडावी आणि मासे जाळीने उचलून तत्काळ टबात सोडावेत. पिशवीतील पाणी फेकून द्यावे. स्थानिक दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांना हे भय नाही. तेथे जुनी पद्धत चालते.

मुख्य टाकीत ठरविलेल्या संख्येपैकी निम्मेच मासे प्रथम न्यावेत. पहिले 24 तास खाद्य देऊ नये, पुढील तीन दिवस निम्मे द्यावे. पहिल्या आठवड्यात अमोनिया व नायट्राइट रोज तपासून वहीत तारखेसह लिहावे. नायट्राइट दिसू लागल्यास खाद्य थांबवावे, एक तृतीयांश पाणी बदलावे आणि टाकीत 20 ते 25 ग्रॅम जाडे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. कल्ले तपकिरी दिसणे व मासे वर येऊन हवा गिळणे ही नायट्राइट बाधेची लक्षणे आहेत, आणि ती केवळ प्राणवायूच्या अभावाची समजून फक्त पंप वाढविल्यास उपयोग होत नाही. सलग सात दिवस दोन्ही नोंदी शून्य राहिल्या, की टबातील उरलेले निम्मे मासे आणावेत. या पद्धतीत न बसणारे, जास्तीचे मासे किंवा टबातील पाणी गावच्या तलावात अथवा नाल्यात सोडू नये. सकरमाशासारख्या परदेशी जाती मोकळ्या पाण्यात तग धरतात आणि एकदा रुजल्या की निघत नाहीत. टबाचे पाणी परसातील झाडांना घालावे, मात्र त्यात मीठ किंवा औषध वापरले असल्यास तेही टाळावे.